वऱ्हाड, यात्रा व सहलीसाठी खासगी बस ठरविताना करावयाची कागदपत्रांची पडताळणी

लग्नसराईत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून सुरत, इंदूर, पुण्याकडे आणि चैत्रात वणीच्या गडाकडे जाण्यासाठी लक्झरी ठरविली जाते, तेव्हा चौकशी बहुधा भाड्याची व वातानुकूलनाची होते. परंतु परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र प्रत्येक गाडीला स्वतंत्रपणे मिळते. ट्रॅव्हल्सच्या नावाला नव्हे. म्हणून विसार देण्यापूर्वी जी गाडी प्रत्यक्ष येणार आहे तिचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा. क्रमांक सांगण्यास टाळाटाळ होत असेल, तर पुढील चौकशीची गरजच उरत नाही.

ही पडताळणी कोणताही नागरिक करू शकतो. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून गाडीचा क्रमांक टाकल्यास योग्यता प्रमाणपत्र, विमा व पीयूसी यांच्या मुदती दिसतात. बोलीभाषेत ज्याला पासिंग म्हणतात, ते योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांसाठी व त्यापेक्षा जुन्या गाडीला एका वर्षासाठी मिळते. मुदत आज नव्हे, तर परतीच्या दिवशी शिल्लक असली पाहिजे. भाड्याच्या बसची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नये.

परवान्याकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७४ खालील कंत्राटी परवान्यावरची बस ठरलेल्या गटाला ठरलेल्या ठिकाणी नेऊ शकते. वाटेत सुटे प्रवासी घेण्याची तिला मुभा नसते. राज्याबाहेर, म्हणजे सेंधव्याच्या घाटातून इंदूर-उज्जैनकडे किंवा नवापूरमार्गे सुरतेला जायचे असल्यास अखिल भारतीय पर्यटक परवाना अथवा कलम ८८(८) खालील विशेष परवाना आवश्यक असतो. त्याची प्रत आधीच मागून घ्यावी, कारण सीमेवर गाडी अडविली गेल्यास मुहूर्त मालकाचा नव्हे, वऱ्हाडाचा चुकतो. विनापरवाना वाहन चालविल्यास कलम १९२-अ नुसार दहा हजार रुपये दंड व कारावासाची तरतूद आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, अपघात झाल्यास परवाना किंवा योग्यता प्रमाणपत्र नसल्याचा मुद्दा विमा कंपनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मांडते आणि भरपाईचा दावा लांबतो.

चालकाच्या अनुज्ञप्तीवर (लायसन्सवर) प्रवासी वाहन चालविण्याची नोंद हवी. अशी अनुज्ञप्ती पाच वर्षांसाठी दिली जाते. रात्रभराच्या प्रवासाला दोन चालक असावेत, ही अट करारात लिहून घ्यावी, कारण तोंडी आश्वासनावर दुसरा चालक क्वचितच येतो.

कागदपत्रे दाखविण्याचे कायदेशीर बंधन पोलीस व परिवहन अधिकाऱ्यांपुरते आहे, प्रवाशाला तसा हक्क नाही. मात्र प्रती मिळाल्याशिवाय विसार न देणे आपल्या हाती असते. नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र, परवाना, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती व चालकांच्या अनुज्ञप्त्या या प्रतींसह गाडीचा क्रमांक, आसनसंख्या, मार्ग व बदली गाडीबाबतची अट नमूद असलेले करारपत्र घ्यावे. प्रवाशांची यादी आपणही तयार ठेवावी. पर्यटक परवान्याच्या गाडीत ती असणे बंधनकारक आहे.

निघण्याच्या दिवशी आलेल्या गाडीचा क्रमांक करारपत्राशी ताडून पाहावा. आपत्कालीन दरवाजा प्रत्यक्ष उघडून पाहावा आणि तेथे जादा आसन किंवा सामान रचलेले असल्यास ते हलवून घ्यावे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकजवळ यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस अपघातानंतर पेटली व त्यात बारा प्रवाशांचा मृत्यू झाला, हे ध्यानात घेता या तपासणीचा कोणी कंटाळा करू नये. अग्निशामकाची मुदत व धोक्याची सूचना देणारी बटणेही पाहावीत.

कागदपत्रांविषयी शंका उरल्यास एसटी आगारात प्रासंगिक कराराची, म्हणजे एसटी बस भाड्याने घेण्याची, चौकशी करता येते. विनापरवाना किंवा जादा प्रवासी भरलेल्या गाडीची तक्रार, तिचा क्रमांक, तारीख व छायाचित्र जोडून, आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी द्यावी व पोच घ्यावी. प्रवासात धोका जाणवल्यास ११२ वर, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर संपर्क साधावा.