चालू होतं तोवर चालत होतं

"रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि मॉनिटर गेला." माझ्याकडे बंद पडलेली वस्तू घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा अशीच सुरुवात करतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "वीज येताना झटका बसला असणार." कधी कधी ते खरंही असतं. पण वस्तू उघडून पाहायची सवय लागली तसं माझ्या लक्षात येत गेलं, की बऱ्याचदा झटका वगैरे काही बसलेलाच नसतो. वस्तू कित्येक महिने आधीपासून आजारी असते. चालू होती म्हणून आजार लपला होता, इतकंच. वीज गेली, ती बऱ्याच काळात पहिल्यांदा पूर्ण बंद झाली, थंड झाली, आणि पुन्हा सुरू व्हायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

चालत राहणं आणि चालू होणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कितीतरी कठीण आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

त्याआधी साध्या गोष्टी उरकून घेऊ. त्याच सॉकेटमध्ये दुसरी चालू वस्तू लावून पाहा. अनेकदा गेलेलं असतं ते एक्स्टेंशन बोर्ड, नाहीतर पडलेला असतो एमसीबी. वस्तूला वेगळा ॲडॅप्टर असेल तर तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच पिनचा दुसरा ॲडॅप्टर लावून बघा. नुसत्या मीटरवर विसंबू नका, कारण थकलेला ॲडॅप्टर रिकामा असताना मीटरवर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच कोसळतो. ओव्हन गरम होत नसेल तर त्याचं घड्याळ लावून पाहा; वेळ लावल्याशिवाय शिजवायला नकार देणारे ओव्हन बरेच आहेत.

मग प्लग काढून ठेवा आणि वाट पाहा, निदान पाच मिनिटं. "प्लग काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा" हा सल्ला लोक मंत्रासारखा म्हणतात, पण त्यामागे साधं कारण आहे. वीज जाताना व्होल्टेज टप्प्याटप्प्याने घसरतं, डळमळतं, अर्ध्यावर येऊन पुन्हा चढतं. आतल्या चिपला ना नीट बंद होता येत ना नीट चालू राहता येत, आणि ती मधल्याच कुठल्यातरी अवस्थेत अडकून बसते. काही पॉवर सप्लायमध्ये धोका जाणवला की स्वतःला कुलूप लावून घ्यायची सोय असते. ते कुलूप आतलं व्होल्टेज पुरेसं खाली गेल्याशिवाय उघडत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, थोडी वीज शिल्लक राहते. बटण दाबून धरलं की ती निचरायला मदत होते. एवढ्यानेच वस्तू सुरू झाली, तर ती बिघडलेली नव्हतीच.

झाली नाही, तर आता त्या मॉनिटरकडे येतो.

प्लग लावला आणि कान जवळ नेला. आतून रातकिड्यासारखी बारीक किरकिर येत होती. पुढचा दिवा धड पेटत नव्हता, धड विझत नव्हता. सेकंदाला दहाबारा वेळा क्षीणपणे थरथरत होता. हा आवाज आला की मी मनातून खूश होतो. पूर्ण मेलेली वस्तू असा आवाज करत नाही. हा आवाज म्हणजे ती पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न करते आहे.

आजच्या जवळपास प्रत्येक वस्तूत स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. २३० व्होल्टची एसी वीज आत येते, डायोडच्या (विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या) पुलावरून जाऊन डीसी होते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात, कारण २३० हा आकडा एक प्रकारची सरासरी आहे. लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट उंच असतं. एक ट्रान्झिस्टर हे ३२५ व्होल्ट सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा तोडतो-जोडतो, ते तुकडे एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जातात, आणि पलीकडे हवे ते ५ किंवा १२ व्होल्ट मिळतात. ट्रान्झिस्टरने कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे एक चिप ठरवते. १९८०च्या दशकात युनिट्रोड कंपनीने आणलेली ३८४२ ही अशी एक प्रसिद्ध चिप. तिच्या कितीतरी नकला आणि सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

खरी गंमत आता सुरू होते. त्या चिपला स्वतः चालायलाही वीज लागते, साधारण १२ ते १५ व्होल्ट. ती कुठून येते? त्याच ट्रान्सफॉर्मरच्या एका जादा वेढ्यातून. म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालला तर चिपला वीज, आणि चिप चालली तरच ट्रान्सफॉर्मर. आधी कोंबडी की आधी अंडं?

कोरड्या पडलेल्या हातपंपात आपण आधी तांब्याभर पाणी ओततो, मग तो स्वतः पाणी खेचू लागतो. इथेही तेच केलेलं असतं. ३२५ व्होल्टपासून चिपच्या पायापर्यंत एक मोठ्या रोधाचा रेझिस्टर, म्हणजे विजेची वाट अडवणारा भाग, जोडतात. त्यातून जेमतेम एखादा मिलिअँपिअर झिरपतो. त्या झिरपण्यातून एक छोटा कपॅसिटर भरत जातो, आणि चिप तोवर झोपलेली असते. ३८४२च्या बाबतीत या कपॅसिटरवर साधारण १६ व्होल्ट चढले की ती जागी होते आणि ट्रान्झिस्टरला हाकायला लागते. जागी झाल्यावर तिची भूक दहापंधरा मिलिअँपिअरची असते. झिरपणारा एक मिलिअँपिअर तिला कुठे पुरणार? मधला काळ तिला त्या छोट्या कपॅसिटरमधल्या साठ्यावरच काढावा लागतो. ट्रान्सफॉर्मर जोमात येऊन जादा वेढा वीज देऊ लागेपर्यंत तो साठा पुरला पाहिजे. त्याआधीच व्होल्टेज १०च्या खाली गेलं, तर चिप परत झोपते.

आता थोडं गणित. वेळ म्हणजे कपॅसिटन्स (कपॅसिटरची साठवण, मायक्रोफॅरडमध्ये मोजतात) गुणिले व्होल्टेजमधली घट, भागिले करंट. कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा असेल, घट १६ वजा १० म्हणजे ६ व्होल्ट, आणि करंट १५ मिलिअँपिअर. उत्तर येतं सुमारे १९ मिलिसेकंद. पलीकडचे कपॅसिटर भरून सगळं मार्गी लागायला समजा सातआठ मिलिसेकंद लागत असतील, तर हा साठा भरपूर झाला.

मॉनिटरमधला तो छोटा कपॅसिटर मी काढून मीटरला लावला. अंगावर ४७ छापलं होतं, मीटरने ६ दाखवले. तांब्याची वाटी झाली होती. ६ मायक्रोफॅरड म्हणजे २.४ मिलिसेकंद. चिप जागी व्हायची, दोनअडीच मिलिसेकंदांत साठा संपायचा, चिप झोपायची, रेझिस्टरमधून पुन्हा भरण सुरू. रातकिड्याची किरकिर ती हीच.

मग आदल्या संध्याकाळपर्यंत मॉनिटर चालत कसा होता? तर एकदा गाडं चालू लागलं, की जादा वेढा त्या कपॅसिटरला सेकंदाला हजारो वेळा भरतो. दोन भरण्यांमधलं अंतर दहावीस मायक्रोसेकंदांचं असतं, आणि तेवढ्याला वाटी काय, चमचासुद्धा पुरतो. मॉनिटर रात्रीही स्टँडबायवर असायचा, म्हणजे पॉवर सप्लाय कधी थांबतच नव्हता. कपॅसिटर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ निकामी असेल. त्याची परीक्षा घ्यायची वेळच आली नव्हती. वीज गेली त्या रात्री ती आली.

हा कपॅसिटर असा का आटतो? दुरुस्ती करणारे त्याला अजून कंडेन्सर म्हणतात. हा प्रकार इलेक्ट्रोलायटिक. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, तिच्यावर तिच्याच ऑक्साइडचा थर, आणि द्रवात भिजवलेला कागद, हे सगळं गुंडाळून डबीत बसवलेलं असतं. ऑक्साइडचा थर दर व्होल्टमागे दीडएक नॅनोमीटर इतका पातळ असतो, म्हणून इवल्या डबीत एवढी साठवण मावते. द्रव हे या रचनेचं मर्म आहे, आणि तो रबराच्या बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. उष्णतेने हा वेग वाढतो. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाने १८८९मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं मांडलं. त्यातून कपॅसिटरसाठी एक ठोकताळा निघतो: तापमान १० अंशांनी कमी केलं की आयुष्य दुप्पट. डबीवर १०५ अंश लिहिलेलं असतं आणि माहितीपत्रकात २,००० तास. १०५ अंशांवर ते जेमतेम ८३ दिवस झाले. ६५ अंशांवर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. अखंड चालू ठेवलं तर साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. हा छोटा कपॅसिटर अनेकदा तापणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी बसवलेला असतो, आणि तोच आधी आटतो.

त्यात थंडीची भर पडते. द्रव कमी झालेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गार असताना तो आणखी वाढतो. चालू वस्तू आतून गरम असते, म्हणून निभावतं. रात्रभर वीज गेली की ती गार पडते. जाणकार कारागीर अशा कपॅसिटरवर ड्रायरची गरम हवा सोडतो; वस्तू सुरू झाली तर दोषी सापडला. फुगलेल्या डोक्याचा कपॅसिटर कुणालाही ओळखू येतो, पण हे आटलेले छोटे कपॅसिटर दिसायला नव्यासारखे असतात. त्यांना मोजावंच लागतं.

वीज परत येतानाचा धोकाही आहेच. रिकामा मोठा कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसर्किटसारखा वागतो. म्हणून वाटेत एक थर्मिस्टर ठेवतात. गार असताना त्याचा रोध समजा १० ओहम. ३२५ भागिले १०, म्हणजे पहिला लोंढा ३२ अँपिअरच्या आसपास अडवला जातो. मग थर्मिस्टर गरम होतो आणि त्याचा रोध पार उतरतो. पण वीज चारपाच सेकंद जाऊन परत आली तर? कपॅसिटर रिकामा झालेला असतो, थर्मिस्टर मात्र अजून गरमच, आणि लोंढा अडवायला कुणी नाही. फ्यूज किंवा डायोडचा पूल जातो तो असा. दिवे लुकलुकायला लागले की प्लग काढायचे आणि मिनिटभर थांबायचं, ते याचसाठी. फ्रिजला तीन ते पाच मिनिटं द्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब सारखा होतो.

काचेचा फ्यूज बोलका असतो. आतली तार नुसती तुटलेली असेल तर ताण बेताचा होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि नवा फ्यूज घातला तर तोही तसाच जाणार.

एकाच रात्री घरातल्या तीन वस्तू गेल्या, की "घराला नजर लागली" असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. नजर नाही, न्यूट्रल. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रलची, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेची, जोडणी सैल झाली की २३० व्होल्टच्या जागी एका घरात १५० आणि दुसऱ्या घरात ३५०सुद्धा येऊ शकतात. काही दिवे भगभगीत आणि काही मंद दिसले, की तडक मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. अशा वेळी वस्तूच्या तोंडाशी असलेला व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग, स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. सॉकेटमध्ये खोचायच्या "वीज बचत" डब्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. त्यात बहुधा एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. त्याने बिल कमी होत नाही, कारण घरचा मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजतो, आणि वस्तूंचं रक्षणही होत नाही.

वाचून कुणाला उत्साह आला असेल, तर एक गोष्ट आधी ऐका. चालू असलेली वस्तू बंद केली की तिचा मोठा कपॅसिटर वस्तूच्याच भाराने लवकर रिकामा होतो. जी सुरूच होत नाही, तिच्यात तो साठा वापरणारं कुणी नसतं. तो झिरप-रेझिस्टर तुटला असेल, आणि वर्षानुवर्षं ३०० व्होल्ट झेलून तो तुटतोही, तर ३२५ व्होल्ट प्लग काढल्यावरही बराच वेळ तसेच बसून राहतात. १०० मायक्रोफॅरडमध्ये अशा वेळी ५ ज्यूलच्या वर ऊर्जा असते. हात भाजायला आणि झटक्याने मागे फेकला जायला तेवढी पुरते. म्हणजे मेलेली वस्तू उघडणं जास्त धोक्याचं. मोजून, रेझिस्टरमधून निचरा करून मगच हात लावायचा असतो, आणि ते ज्याला येत नाही त्याने कारागिराकडे जावं. जाताना "वीज गेल्यानंतर सुरू होत नाही, आतून किरकिर येते" एवढं नक्की सांगा. चांगल्या कारागिराचं निम्मं काम त्यातच होतं.

मॉनिटरला ४७ मायक्रोफॅरडचा, १०५ अंशांचा नवा कपॅसिटर बसवला. प्लग लावला, सेकंदभर काहीच नाही, कारण झिरपण्याला तेवढा वेळ लागतोच, आणि मग दिवा स्थिर पेटला.

घरात वर्षानुवर्षं अखंड चालू असलेला जुना संगणक किंवा रेकॉर्डर असेल, तर तो पुसायला किंवा जागा बदलायला बंद करण्याआधी त्यातल्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. तो चालू आहे, म्हणून ती आत्ता निघेल.