हुरडा पार्टी

हुरडा पार्टी : रब्बी ज्वारीची दाणा भरलेली, पण अजून हिरवी असलेली कणसे शेतातच भाजून पाहुण्यांना खाऊ घालण्याची प्रथा. हंगाम साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारी. ‘पार्टी’ हे शेपूट अर्थातच अलीकडचे. जुना प्रयोग ‘हुरड्याला बोलावणे’ असाच.

‘हुरडा’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात दोन जवळचे पदार्थ येतात : गवताच्या जाळावर भाजलेली जव-गव्हाची अर्धपक्व लोंबी ती ‘उम्बी’ आणि तशाच रीतीने भाजलेले शेंगावर्गीय धान्य तो ‘होलक’. पहिल्यातून मराठी ओंबी, दुसऱ्यातून हरभऱ्याचा हुळा येतो, हे सहज पटते. हुरडाही होलकाच्याच कुळातला धरला, तर ल-चा र होणे आणि ‘ड’ प्रत्यय लागणे या दोन्ही गोष्टी मान्य कराव्या लागतात. उत्तरेकडील बोलींत भाजलेल्या ओल्या हरभऱ्याला ‘होरहा’ म्हणतात, म्हणजे ‘र’ची अडचण फारशी उरत नाही. खरी अडचण अर्थाची आहे. होलक शेंगाधान्याचा, हुरडा तृणधान्याचा. तरीही भाजण्याची रीत एकच असल्याने नाव एका धान्यावरून दुसऱ्यावर गेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या अवस्थेत दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर पूर्ण झालेले नसते, गोडी त्यामुळेच. कणीस खुडल्यावर ती उतरू लागते, म्हणून हुरडा शेताच्या बांधावरच खावा असा आग्रह असतो. गूळभेंडी व सुरती हे हुरड्यासाठी नावाजलेले स्थानिक वाण. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा व फुले मधुर, तर परभणीच्या विद्यापीठाने परभणी वसंत हे वाण खास हुरड्यासाठी दिले. अशा वाणांत दाणा रसाळ असतो आणि चोळताच बोंडातून मोकळा होतो. भाकरीसाठी नावाजलेल्या मालदांडीला ही मोकळीक तितकीशी नाही.

आगटी म्हणजे जमिनीत केलेला उथळ खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवून धूर सरला की फुफाट्यात कणसे खुपसतात, अधूनमधून फिरवतात आणि गरम असतानाच तळहातांवर चोळतात. नवख्याचे हात इथे पोळतात. फुंकर मारून भूस उडवले की हिरवे दाणे उरतात. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे.

पैसे घेऊन हुरडा खाऊ घालण्याचा प्रकार कृषिपर्यटनाबरोबर पसरला. या पर्यटनाचा उगम सामान्यतः इटलीकडे नेला जातो, कारण तेथे १९८५ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. महाराष्ट्रात बारामती परिसरातील २००५ च्या सुमाराचा प्रयोग आरंभ मानला जातो. राज्याचे कृषिपर्यटन धोरण २०२० चे. तथापि हुरड्याचे बोलावणे यांपैकी कोणत्याही टप्प्याच्या आधीचे आहे. बाहेरून आली ती नोंदणी आणि दरपत्रक. पाहुण्याला शेतात बसवून पीक दाखवण्याची रीत इथलीच, असे म्हणणे अधिक योग्य.

शहरी मुलांना अन्न कुठून येते हे दाखवण्यासाठी ही प्रथा सोयीची ठरते, कारण सगळे एकाच नजरेच्या टप्प्यात असते. मक्याचे कणीस खोडाच्या कडेला, ज्वारीचे मात्र शेंड्यावर. शेजारच्या ओळीतले न खुडलेले कणीस वाळले की त्याचीच भाकरी. ताटाचा, म्हणजे ज्वारीच्या खोडाचा, कडबा बैलांना, आणि शेणाच्या गोवऱ्या पुन्हा आगटीत. कोवळ्या ज्वारीत जनावर का सोडत नाहीत, याचेही उत्तर मिळते : कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, आणि ते जनावराच्या जिवावर बेतू शकते. आजूबाजूला ज्वारी नसलेल्या काही केंद्रांत हुरडा बाहेरून आणला जातो. तेथे चव मिळते, पण दाखवायला ताट नसते.