साडेतीन लाख सह्या आणि हजार फोन

जनमत चाचणीचा निकाल छापून आला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "मला तर कुणी विचारलं नाही!" दुसरी त्याहून ठाम: "हजार-दीड हजार लोकांना फोन करून अख्ख्या देशाचं मत कळतं होय?" असे आक्षेप चांगली शिकलेली माणसं घेतात. हीच माणसं एखाद्या संकेतस्थळावर लाखो जणांनी बटण दाबून केलेलं 'मतदान' मात्र बिनदिक्कत पुढे पाठवतात. संख्याशास्त्राच्या हिशेबाने हा सगळा उलटा कारभार आहे. किती उलटा, ते दाखवायला टोकियो ऑलिम्पिकइतकं चांगलं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

करोनामुळे २४ मार्च २०२० रोजी ही स्पर्धा वर्षभरासाठी पुढे ढकलली गेली आणि उद्घाटनाची नवी तारीख ठरली २३ जुलै २०२१. मे २०२१ उजाडला तेव्हा टोकियोत पुन्हा आणीबाणी लागू होती, लसीकरण रखडत चाललं होतं आणि स्पर्धा घ्यायची की नाही यावरून जपान तापला होता. महिन्याच्या मध्याला 'असाही शिंबुन' या वृत्तपत्राची चाचणी आली. स्पर्धा रद्द करा म्हणणारे ४३ टक्के, पुन्हा पुढे ढकला म्हणणारे ४० टक्के, ठरल्याप्रमाणे घ्या म्हणणारे जेमतेम १४ टक्के. त्याआधी आठवडाभर 'योमिउरी शिंबुन'ने विचारलं होतं, तेव्हा रद्द करा म्हणणारे ५९ टक्के निघाले आणि घ्या म्हणणारे ३९ टक्के. याच सुमारास केंजी उत्सुनोमिया या वकिलांनी स्पर्धा रद्द करण्यासाठी इंटरनेटवर सह्यांची मोहीम उघडली. दहाएक दिवसांत साडेतीन लाखांवर सह्या गोळा झाल्या आणि त्यांनी त्या टोकियोच्या प्रशासनाकडे नेऊन दिल्या.

म्हणजे एकीकडे साडेतीन लाख माणसं आणि दुसरीकडे हजार-दीड हजार फोन. देशाचं मत कशातून कळतं?

आधी फोनचं पाहू. जपानी वृत्तपत्रं अशा चाचण्यांसाठी टेलिफोन डिरेक्टरी उघडत नाहीत. संगणक वाटेल तसे अंक जुळवून नंबर तयार करतो, घरच्या फोनचेही आणि मोबाइलचेही. घरचा फोन लागला तर या घरात मतदार किती ते विचारलं जातं आणि त्यातून एकाची निवड चिठ्ठी काढल्यासारखी होते. फोन उचलणाऱ्यालाच प्रश्न विचारले जातात असं नाही. चिठ्ठी आजोबांच्या नावाची निघाली आणि आजोबा बाहेर गेले असतील, तर पुन्हा फोन करायचा. एवढा खटाटोप कशासाठी? कोणाला विचारायचं हे विचारणाऱ्याच्या हातात राहू नये, आणि उत्तर देणाऱ्याच्याही हातात राहू नये, म्हणून.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं दोन माणसांचं असो की लग्नघरातलं, शितं तेवढीच लागतात. मात्र ती वरवरची घेऊन भागत नाही. पातेल्याचा आकार महत्त्वाचा नाही, शीत कुठून उचललं ते महत्त्वाचं. यादृच्छिक निवडीत, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते तेव्हा, हजार जणांच्या नमुन्यातली चूक शंभरातल्या ९५ वेळा साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते. मग देश जपानएवढा असो की गोव्याएवढा.

"मला कुणी विचारलं नाही" याचंही उत्तर यातच आहे. जपानमध्ये मतदार साधारण साडेदहा कोटी. दीड हजारांच्या चाचणीत तुमचा नंबर लागण्याची शक्यता सत्तर हजारांत एक. दर महिन्याला अशी एक चाचणी झाली तर तुमची पाळी येईपर्यंत सरासरी ५,८०० वर्षं जातील.

आता मला खरं ज्याविषयी लिहायचं आहे ते. हार्वर्ड विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ शिआओ-ली मेंग यांनी २०१८ साली एक समीकरण मांडलं. इतकं साधं की आधी कुणी असं लिहिलं कसं नाही, असं वाटावं. नमुन्यातून काढलेली सरासरी आणि खरी सरासरी यांतला फरक तीन गोष्टींचा गुणाकार असतो. पहिली, माणूस नमुन्यात येणं आणि त्याचं मत यांच्यातला सहसंबंध, म्हणजे एका मताची माणसं दुसऱ्या मताच्या माणसांपेक्षा नमुन्यात किती जास्त येतात त्याचं माप. याला आपण 'कल' म्हणू. दुसरी, लोकसंख्येला नमुन्याच्या संख्येने भागून काढलेलं वर्गमूळ (नमुना लोकसंख्येच्या मानाने लहान असताना एवढं पुरतं). तिसरी, मतांमधली विविधता. हो-नाही अशा प्रश्नात मतं निम्मी-निम्मी असली की ती ०.५ भरते.

यादृच्छिक निवडीत हा कल शून्याच्या आसपास हेलकावत असतो आणि त्याचा आवाका असतो एक भागिले लोकसंख्येचं वर्गमूळ. साडेदहा कोटींसाठी हा आकडा ०.०००१ इतका चिमुकला येतो. पहिल्या पदात लोकसंख्येचं वर्गमूळ छेदात, दुसऱ्या पदात तेच अंशात. दोन्ही एकमेकांना कापतात आणि उरतं फक्त नमुन्याचं वर्गमूळ. मोठ्या देशालाही हजार माणसं का पुरतात, याची ही सिद्धता आहे. शाळेतल्या अपूर्णांकांपलीकडे तिला काहीही लागत नाही.

पण लोक आपणहून येऊन मत देतात तेव्हा हा कल चिमुकला राहत नाही, आणि मग कापाकापी होत नाही. लोकसंख्या अंशात तशीच बसून राहते. म्हणजे कल तेवढाच आणि नमुनाही तेवढाच धरला, तर देश जितका मोठा तितकी चूक मोठी! सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात बसून हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

आकडे घालून बघू. समजा, साडेदहा कोटी मतदारांत ऑलिम्पिकच्या बाजूने आणि विरुद्ध अगदी निम्मे-निम्मे आहेत. इंटरनेटवर एक खुली मतपेटी ठेवली. विरोधकांमध्ये चीड जास्त, म्हणून त्यांच्यातले दर दहा हजारांमागे ३६ जण मत द्यायला आले. समर्थकांमधले दर दहा हजारांमागे ३० आले. फरक दहा हजारांत सहा माणसांचा. एवढा सूक्ष्म फरक तुम्हाला-मला शोधूनही सापडणार नाही. पेटीत पडलेली एकूण मतं होतील सुमारे साडेतीन लाख, आणि निकाल लागेल ५४.५ टक्के विरोधात. इथे कल आहे अवघा ०.००५ च्या आसपास. या कलाला साडेतीन लाख उत्तरांची खरी किंमत किती, तर नीट निवडलेल्या सुमारे १२० माणसांइतकी. बाकीची साडेतीन लाख माणसं हिशेबातून वाहून गेली. मेंग यांनी स्वतः २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीचे आकडे घेतले होते. तिथे २३ लाख उत्तरांची किंमत ४०० यादृच्छिक उत्तरांएवढी भरली.

त्याहून वाईट भाग पुढे आहे. नमुना प्रचंड असला की नेहमीच्या सूत्राने काढलेली 'संभाव्य चूक' नगण्य दिसते. साडेतीन लाखांसाठी ती टक्क्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी येते. म्हणजे चुकीचं उत्तर आणि त्यावर अफाट आत्मविश्वास. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि लँडन यांच्या पदरात दोन राज्यं आली.

उत्सुनोमिया यांच्या मोहिमेवर यात काही आरोप नाही. सह्यांची मोहीम म्हणजे मागणी असते. कितीजण इतके पेटले आहेत की नाव लिहून देतील, हे ती सांगते आणि लोकशाहीत त्याला वजन आहेच. टक्केवारी मात्र ती सांगू शकत नाही.

जाता जाता, निवडीचा हाच खेळ पॉल नावाच्या ऑक्टोपसनेही खेळला होता. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात त्याने आठपैकी आठ सामन्यांचे निकाल बरोबर 'सांगितले' म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनीही जयजयकार केला. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगभर पोपट, कासवं, माकडं आणि ज्योतिषी मिळून भाकितं करणारे किती असतात, याचा अंदाज घ्या. चुकलेल्या पोपटाची बातमी होत नाही. हाच पॉल २००८ च्या युरो स्पर्धेत सहापैकी दोनदा चुकला होता, ते कुणाच्या लक्षात आहे?

आता कुणी म्हणेल, असाही आणि योमिउरी दोघांनीही यादृच्छिक फोन केले होते, तर रद्द करा म्हणणारे एकाकडे ४३ आणि दुसऱ्याकडे ५९ कसे? इथे नमुन्याचा संबंध संपतो आणि प्रश्नाचा सुरू होतो. असाहीच्या प्रश्नात 'पुन्हा पुढे ढकला' हा पर्याय होता. योमिउरीच्या प्रश्नात तो नव्हताच. तिथे मर्यादित प्रेक्षकांसह, प्रेक्षकांविना आणि रद्द, असे तीनच दरवाजे ठेवले होते. पुढे ढकलण्याची वाट बंद झाल्यावर तिथली माणसं दोन्हीकडे पांगली. काही 'रद्द'मध्ये गेली, काही 'घ्या'मध्ये.

एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या चाचण्यांत तर हे आणखी स्वच्छ दिसतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा निकाल होता: घ्या १६ टक्के, रद्द करा ३८, पुढे ढकला ३९. मथळा झाला की तीन-चतुर्थांशांहून जास्त जपानी या उन्हाळ्यात स्पर्धा नको म्हणतात. फेब्रुवारीत त्यांनी प्रश्नच बदलला. स्पर्धा कशी घ्यावी, असं विचारलं. नेहमीसारखी ३ टक्के, प्रेक्षक मर्यादित ठेवून २९, प्रेक्षकांविना २३, रद्द ३८. म्हणजे 'कशी ना कशी घ्या' म्हणणारे ५५ टक्के! महिन्याभरात देशाचं मन बदललं नव्हतं. 'रद्द'चा आकडा बघा, ३८ चा ३८. ढकला म्हणणाऱ्यांना दुसऱ्या पंक्तीत बसवलं, एवढंच.

यात लबाडी होती का? आयोजकांनी स्पर्धा घ्यायचं ठरवलंच होतं, म्हणून पुढे ढकलण्याचा पर्याय निरर्थक झाला, हा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. मात्र असाही, योमिउरी, माइनिची आणि निक्केई ही चारही बडी वृत्तपत्रं या ऑलिम्पिकची अधिकृत प्रायोजक होती, हे वाचकाला ठाऊक असलेलं बरं. त्यातल्या असाहीने २६ मे रोजी अग्रलेख लिहून स्पर्धा रद्द करण्याची मागणी केली, हेही तितकंच खरं.

शेवटी स्पर्धा झाली, टोकियोत प्रेक्षकांविना. ६८ हजार आसनांच्या त्या रिकाम्या मैदानावर बीडच्या अविनाश साबळेने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि आठवडाभराने नीरज चोप्राने भाला फेकला. जपानने २७ सुवर्णांसह ५८ पदकं मिळवली, त्यांच्या इतिहासातली सर्वाधिक. ऑगस्टमध्ये असाहीने पुन्हा फोन लावले तेव्हा स्पर्धा झाली ते बरं झालं म्हणणारे ५६ टक्के निघाले, योमिउरीकडे ६४. 'बघा, लोक कसे पालटतात' असं म्हणायचा मोह होतो, पण मे महिन्यातला प्रश्न धोका पत्करावा का असा होता आणि ऑगस्टमधला प्रश्न पत्करून झालेल्या धोक्याविषयी. दोन्हींना वेगवेगळी उत्तरं देणारा माणूस पालटलेला असेलच असं नाही. असाहीच्या त्याच चाचणीत पंतप्रधान सुगा यांच्या मंत्रिमंडळाला पसंती होती २८ टक्के. पदकांचा आनंद सरकारच्या खात्यात जमा झाला नाही.

कधीकधी मत खरोखरच बदलतं. हॅम्बुर्गने २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी दावा करायचं ठरवलं, तेव्हा २०१५ च्या सुरुवातीच्या चाचणीत ६४ टक्के नागरिक अनुकूल होते. मग ११ अब्ज युरोंवर जाणारा खर्चाचा अंदाज बाहेर आला, निर्वासितांचा प्रश्न चिघळला, नोव्हेंबरात पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले. २९ नोव्हेंबरच्या सार्वमतात ५१.६ टक्क्यांनी 'नको' म्हटलं आणि शहराने दावा मागे घेतला.

अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने इरादापत्र दिलं आहे, तेव्हा आपल्याकडेही या विषयावर टक्केवाऱ्या झळकणारच. हातात पैसे असते तर मी अशी चाचणी घेतली असती: यादृच्छिक निवडलेल्या निम्म्या लोकांना नुसतं विचारायचं, ऑलिम्पिक भारतात व्हावं का. उरलेल्या निम्म्यांना आधी खर्चाचा अंदाज सांगायचा आणि मग तोच प्रश्न करायचा. मग दोन उत्तरांमधला फरक तेवढा छापायचा. मूळ टक्केवारी छापली नाही तरी माझी हरकत नाही.