मुद्रांक कमी पडला की नोंदणी राहिली? आधी हे ठरवा

'कागद स्टँपवर आहे, नोटरीही केलीय, मग कोर्ट वाचत का नाही?' असं विचारणाऱ्याच्या हातातल्या दस्तात बहुधा दोन निरनिराळे दोष असतात आणि दोन्हींना मिळून तो एकच शब्द वापरतो: 'कच्चा कागद'. कच्चा कशाने, हे ठरवल्याशिवाय इलाज सापडत नाही. शुल्क कमी भरलं असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 चं कलम 34 आड येतं. सक्तीची नोंदणी केली नसेल तर नोंदणी अधिनियम, 1908 चं कलम 49 आड येतं.

नोटरीचा विषय आधीच मिटवू. नोटरी तुमची ओळख आणि सही साक्षांकित करतो. त्याच्या शिक्क्याने शुल्क भरलं जात नाही आणि नोंदणीही होत नाही. नोटरी केलेल्या बक्षीसपत्राने जमीन कोणाच्याही नावावर होत नाही. तसं सांगून कोणी पैसे घेत असेल तर देऊ नका. '500 च्या स्टँपवर लिहिलंय' याचाही अर्थ एवढाच की 500 रुपये शुल्क भरलं. पुरेसं शुल्क किती, हे दस्ताच्या शीर्षकावरून ठरत नाही, आतल्या मजकुरावरून ठरतं. साठेखतात, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या करारात, ताबा दिला किंवा पुढे द्यायचं ठरलं, तर अनुसूचीतल्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे ते खरेदीखत मानलं जातं आणि शुल्कही तेवढंच लागतं. वर 'साठेखत' लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

आता जिथे भलेभले चुकतात तो मुद्दा.

कलम 34 चे शब्द कडक आहेत: अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त 'कोणत्याही प्रयोजनासाठी' पुराव्यात घेता येत नाही. कलम 49 तितकं कडक नाही. त्याचं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद, दोन वाटा मोकळ्या ठेवतं. अनोंदणीकृत दस्त करारपूर्तीच्या, म्हणजे समोरच्याला करार पाळायला लावण्याच्या, दाव्यात कराराचा पुरावा म्हणून चालतो. आणि ज्या आनुषंगिक, म्हणजे मुख्य व्यवहाराला जोडून असलेल्या, व्यवहाराला स्वतःला नोंदणी लागत नाही, त्याच्या पुराव्यासाठीही तो वाचता येतो. वकील याला 'कोलॅटरल पर्पज' म्हणतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. ही सवलत नोंदणीच्या दोषापुरती आहे. मुद्रांकाच्या दोषाला ती लागू नाही. तरीही '500 च्या स्टँपवरचा आहे, पण कोलॅटरलसाठी वाचा' असा युक्तिवाद वारंवार केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने अविनाश कुमार चौहान प्रकरणात (2009) स्पष्ट सांगितलं आहे की 'कोणत्याही प्रयोजनासाठी' या शब्दांत आनुषंगिक प्रयोजनही येतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. दोन्ही दोष असलेल्या दस्तात आधी शुल्क आणि दंड भरायचा, मगच कोलॅटरलचं दार ठोठवायचं. येल्लापू उमा महेश्वरी प्रकरणात (2015) वाटणीच्या कागदांबाबत न्यायालयाने हाच रस्ता दाखवला. समजा, तीन भावांनी गावातल्या घराचं वाटणीपत्र केलं, नोंदवलं नाही आणि शुल्कही कमी भरलं. शुल्क-दंड भरल्यावर त्या कागदावरून एकत्र कुटुंब फुटलं होतं का आणि कोण कोणत्या नात्याने ताब्यात आहे, हे दाखवता येईल. कोणाला कोणती खोली मिळाली, कोणाचा हिस्सा किती, हे मात्र दाखवता येणार नाही, कारण नोंदणी ज्यासाठी लागते ते नेमकं तेच आहे. आधीच तोंडी झालेल्या वाटणीची नंतर केलेली याद (लेखी नोंद) असेल तर तिला नोंदणी लागत नाही. 'आज वाटून घेत आहोत' आणि 'पूर्वी वाटून घेतलं' या दोन वाक्यांत इतका फरक पडतो.

कोलॅटरलची व्याप्तीही ताणायची नाही. के. बी. साहा प्रकरणात (2008) घरमालकाला अनोंदणीकृत भाडेपट्ट्यातल्या एका अटीवर भर द्यायचा होता: जागा भाडेकरू कंपनीच्या ठरावीक अधिकाऱ्याच्याच राहण्यासाठी. न्यायालयाने नकार दिला. भाडेपट्ट्याची महत्त्वाची अट सिद्ध करणं हे आनुषंगिक प्रयोजन होत नाही. ढोबळ कसोटी अशी: जे सिद्ध करायचं आहे तेच नोंदणीशिवाय निर्माण होऊ शकत नसेल, तर ते कोलॅटरल नाही.

इलाजातही दोन्ही वेगळे. मुद्रांकाचा दोष बरा होतो. 13 डिसेंबर 2023 ला सात न्यायाधीशांच्या पीठाने, लवाद करारांच्या संदर्भात, असा दस्त अग्राह्य (पुराव्यात घेता न येणारा) असतो, शून्य (मुळातच रद्द) नसतो, असं ठरवलं. तूट आणि त्यावर दरमहा 2 टक्के दंड भरायचा; अर्धवट महिना पूर्ण धरतात आणि मोजणी सहीच्या तारखेपासून होते. तूट 50,000 रुपये आणि दस्त 10 वर्षांपूर्वीचा असेल तर 120 महिन्यांचा दंड 240 टक्के, म्हणजे 1,20,000, एकूण 1,70,000. दंडाची कमाल मर्यादा तुटीच्या चौपट, म्हणजे 200 महिन्यांनी आकडा थांबतो. रक्कम कोर्टात भरली नाही तर कोर्ट कलम 33 खाली दस्त इम्पाउंड करून (ताब्यात घेऊन) मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं. साक्ष सुरू असताना हे घडलं तर दावा महिनोन्महिने अडकतो, म्हणून मूळ दस्त हजर करतानाच शुल्क भरायचा अर्ज द्यावा.

नोंदणीला असा पैसे भरून सुटण्याचा मार्ग नाही. सहीपासून 4 महिने, आणि अडचण दाखवून दंडासह आणखी 4 महिने. हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. आठ महिन्यांनंतर तो दस्त दुय्यम निबंधक घेत नाही. सही करणारे हयात आणि तयार असतील तर नवा दस्त करून नोंदवायचा. तयार नसतील आणि हातात साठेखत असेल तर करारपूर्तीचा दावा, तोही मुदतीत. मृत्युपत्राला ही मुदत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही.

हरकत घेण्याची वेळ बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मुद्रांकाची हरकत दस्तावर निशाणी क्रमांक (कोर्टाने पुरावा म्हणून दिलेला क्रमांक) पडण्याआधीच घ्यायची. एकदा तो पुराव्यात दाखल झाला की कलम 35 प्रमाणे त्याच दाव्यात, अपिलातसुद्धा, तो मुद्दा काढता येत नाही. केंद्रीय कायद्यातल्या अशाच तरतुदीबाबत जावेर चंद प्रकरणात (1961) हे ठरलं आहे. नोंदणीचं तसं नाही. निशाणी पडली म्हणून कलम 49 गळून पडत नाही.

राहता राहिला '11 महिन्यांच्या कराराला नोंदणी नको' हा समज. नोंदणी अधिनियमात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला सक्ती आहे, त्यावरून तो आला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 मात्र मुदत बघत नाही: भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी घरमालकाची, चुकल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.