मायक्रॉनची मोजपट्टी

आज केंद्राच्या नियमाने कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा भरतो. एवढी बारीक जाडी मोजायला गेज लागतो. भाजीवालीकडे तराजू असतो, गेज नसतो. म्हणून उत्पादकाने आपलं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी पिशवीवर छापायची, असा नियम आहे. ती छापलेली जाडी खरी किती असते, हा वेगळा विषय. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या कायद्याने आधी २० मायक्रॉन सांगितले, मग ४०, मग ५०, ७५ आणि शेवटी १२०. या आकड्यांमागे काय काय घडलं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी जाडीच का, ते पाहू. १९९९ साली केंद्र सरकारने पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लॅस्टिकबद्दल नियम केले. त्यात पिशवी किमान २० मायक्रॉनची हवी आणि पुनर्प्रक्रियेच्या रंगीत पिशवीत खाण्याचा जिन्नस द्यायचा नाही, अशा दोन मुख्य अटी होत्या. पुढे २००३च्या दुरुस्तीत आठ बाय बारा इंच हे किमान मापही आलं. या मापाची २० मायक्रॉनची पिशवी वजनाला जेमतेम सव्वादोन ग्रॅम. म्हणजे किलोभर माल व्हायला चारशेहून जास्त पिशव्या वेचायच्या, त्याही चिखलाने, खरकट्याने भरलेल्या. कोणती कचरावेचक बाई त्यासाठी वाकेल? बाटली उचलली जाते, डबा उचलला जातो, पिशवी तिथेच राहते. पिशवी जाड केली तर तिला भंगारात भाव येईल, शिवाय दुकानदारालाही ती फुकट वाटणं परवडणार नाही, असा दुहेरी हिशोब त्या आकड्यामागे होता. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात प्लॅस्टिक नाही. भंगाराच्या धंद्यात तेव्हा कोणत्या मालाला मान होता, ते या तीन शब्दांत दिसतं.

त्याआधीची पिढी कापडी पिशवी घेऊन बाजारात जायची, किराणा रद्दीच्या पुड्यांतून यायचा, फुलं पानात बांधून मिळायची, तेलाला घरची बरणी न्यावी लागायची. कानवाली पिशवी मूळची स्वीडनची. सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीने १९६५ साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ती रुळायला आणखी दोन-तीन दशकं गेली, आणि एकदा रुळल्यावर विदर्भात तिची ‘पन्नी’ झाली.

कायद्याला जोर आला तो पाण्यामुळे. बांगलादेशात १९८८ आणि १९९८च्या महापुरांत गटारं पिशव्यांनी तुंबल्याचा अनुभव आला आणि २००२ साली त्या देशाने पातळ पिशव्यांवर बंदी घातली, असं करणारा जगातला पहिला देश म्हणून. आपल्याकडे सिक्कीमने त्याआधीच, १९९८ साली, पाऊल टाकलं होतं. महाराष्ट्राला मात्र २६ जुलै २००५ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी घरांत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर गटारांच्या जाळ्यांवर, पुलांच्या कमानींत, झाडांच्या फांद्यांवर पिशव्याच पिशव्या लोंबत होत्या. प्रलय एकट्या पिशव्यांनी आणला नव्हता. मिठीचं पात्र आवळलं गेलं होतं, खारफुटीवर भराव पडले होते, पर्जन्यवाहिन्या इंग्रजांच्या काळातल्या होत्या. पण भरावामागे बिल्डर असतो आणि पिशवीमागे तुम्ही-आम्ही. त्यामुळे त्यातल्या त्यात पिशवीला हात घालणं सोपं होतं.

ऑगस्टमध्येच राज्य सरकारने सरसकट बंदीची घोषणा केली. मग उत्पादकांच्या हरकती आल्या, कामगारांच्या पोटाचा प्रश्न पुढे आला, आणि २००६ साली प्रत्यक्ष नियम आले तेव्हा बंदीच्या जागी पुन्हा मोजपट्टी होती: ५० मायक्रॉन. तरीही ती देशात कडक म्हणावी अशी होती, कारण केंद्र तेव्हा २०वरच होतं. ५०पर्यंत यायला केंद्राला आणखी दहा वर्षं लागली. पण राज्याच्या सीमेवर पिशव्यांची जाडी कोण मोजणार? पातळ माल येत राहिला.

केंद्राच्या २०११च्या नियमांनी ४० मायक्रॉन आणले आणि गुटखा, तंबाखू, पानमसाल्याच्या प्लॅस्टिकच्या पुड्या बंद केल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरचं हे कलम मला महत्त्वाचं वाटतं, कारण इथे कायद्याने पहिल्यांदा कारखान्यातून भरून येणाऱ्या वेष्टनाला हात लावला. २०१६च्या नियमांत दोन धाडसी गोष्टी होत्या. कॅरीबॅग द्यायची असेल तर दुकानदाराने पालिकेकडे वर्षाला किमान ४८,००० रुपये भरायचे. आणि ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही असं बहुपदरी वेष्टन, म्हणजे वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, दोन वर्षांत बाद करायचं. दोन वर्षं भरत आली तेव्हा, मार्च २०१८मध्ये, दुरुस्ती निघाली. पैशांचं कलम गेलं. पाकिटांच्या व्याख्येत मात्र शब्द वाढले: ज्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, असंच वेष्टन आता बाद. सिमेंटच्या भट्टीत जाळता येतं ते सगळं यातून सुटलं.

त्याच महिन्यात महाराष्ट्र उलट दिशेला निघाला होता. २३ मार्च २०१८ची अधिसूचना आली आणि तिने मायक्रॉनची भाषाच टाकून दिली. कॅरीबॅग जाड असो वा पातळ, बंद. थर्माकोलची ताटं-वाट्या, प्लॅस्टिकचे चमचे, पेले, हॉटेलातून भाजी-आमटी बांधून देण्याची भांडी, सगळं बंद. पर्यावरणमंत्री रामदास कदम होते आणि युवा सेनेचे आदित्य ठाकरे या निर्णयामागे उभे होते. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. उत्पादक उच्च न्यायालयात गेले. एप्रिलमध्ये स्थगिती नाकारली गेली. २३ जूनपासून कारवाई सुरू झाली आणि काही दिवस लोक खरोखर घाबरले. मासे आणायला स्टीलचा डबा घेऊन निघालेली माणसं तेव्हा दिसत होती! गणपतीच्या मखरांसाठी थर्माकोल वापरू द्या म्हणून सजावटवाले न्यायालयात गेले, तिथेही सवलत मिळाली नाही. पुठ्ठ्याच्या मखरांना तेव्हापासून बाजार आला.

पण किराणा दुकानदारांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. कंपनीने कारखान्यात भरलेली किलोभर साखर प्लॅस्टिकमध्ये चालते, मग आम्ही दुकानात भरलेली का नाही? याला उत्तर नव्हतं. जून संपता संपता सरकारने दुकानातल्या पॅकिंगलाही मुभा दिली, जाडी ५० मायक्रॉनपेक्षा जास्त असेल तर. दाराबाहेर घालवलेला मायक्रॉन मागच्या दाराने परत आला. दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतीची किंमत छापून ती ग्राहकाकडून परत घ्यायची, हीसुद्धा त्याच अधिसूचनेतली कल्पना. पिशव्या परत घेणार कोण, साठवणार कुठे आणि त्यांचा वास सोसणार कोण, यावरून डेअऱ्या आणि सरकार यांच्यात मुदतींचा खेळ चालला, आणि बहुतेक ठिकाणी ही योजना कागदावरच राहिली.

देशपातळीवर विषय पुन्हा तापला तो १५ ऑगस्ट २०१९ला, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकपासून मुक्तीची हाक दिली तेव्हा. २ ऑक्टोबरला बंदी येईल अशी हवा होती; ती आली नाही. नियम आले १२ ऑगस्ट २०२१ला. पिशव्या ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉन. आठ बाय बाराचीच पिशवी घेतली तर आता ती साडेतेरा ग्रॅमची होते. म्हणजे १९९९च्या सहा पिशव्यांचं प्लॅस्टिक एका पिशवीत. ती सहा वेळा वापरली गेली तर हिशोब बरोबरीत सुटतो.

आणि १ जुलै २०२२पासून बंदी घातलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची यादीच आली: काडीवाले इअरबड, फुग्यांच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, झेंडे, सजावटीचा थर्माकोल, ताटं, पेले, काटे-चमचे, मिठाईच्या खोक्यांवरचा आणि निमंत्रणपत्रिकांवरचा प्लॅस्टिकचा पातळ कागद, १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनर, आणि स्ट्रॉ. खोक्यातून फळांचा रस विकणाऱ्या कंपन्यांनी स्ट्रॉसाठी मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. आता बऱ्याच खोक्यांच्या पाठीवर कागदाचा स्ट्रॉ चिकटवलेला असतो. तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या वेष्टनात असतो, आणि खोक्याच्या आत कागद, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे पदर. यादीत यांतलं काहीच नाही.