ओआरएस वेगळं, ग्लुकोज पावडर वेगळी

एप्रिल उजाडला की नागपुरातल्या होस्टेलच्या आणि भाड्याच्या खोल्यांत कूलर लागतो आणि टेबलावर ग्लुकोज पावडरचा डबा येतो. मग कुणाला जुलाब लागले की रूममेट त्याच डब्यातली पावडर पाण्यात ढवळतो आणि सांगतो, "ओआरएसच आहे, पिऊन घे." ते ओआरएस नसतं; ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणारं, ठरलेल्या मापाचं मीठ-साखरेचं पाणी. आधीच गळून गेलेल्या मुलाला ही गल्लत महागात पडते.

ग्लुकोज पावडर सगळ्यांच्या ओळखीची आहे: जवळपास सगळी साखरच, लगेच रक्तात उतरणारी. चव, रंग, किंमत हे फरक सोडून द्या. खरा फरक मिठाचा आहे, आणि मीठ-साखरेच्या ठरलेल्या प्रमाणाचा.

आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत घेणारी एक वाट असते. दोन्ही सोबत आले तरच ती चालते, आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात ओढलं जातं. जुलाब सुरू असतानाही ही वाट बहुतेक शाबूत राहते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून वाचवलं, ते याच्याच बळावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात 1 लिटर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. यात ग्लुकोजचे आणि सोडियमचे रेणू-आयन मोजले तर दोन्ही सारखेच भरतात, लिटरला 75 मिलिमोल. ही बरोबरी मुद्दाम साधलेली आहे.

आता डब्याकडे या. शिगोशीग दोन मोठे चमचे म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास, तेही 200 मिलीच्या ग्लासात. लिटरचा हिशेब केला तर 100 ग्रॅम, ओआरएसच्या सातपट साखर. आणि मीठ नावापुरतं किंवा तेवढंही नाही. इतकं गोड पाणी आतड्यात पोचलं की उलटा प्रकार होतो: शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक आणि डब्बाबंद ज्यूसचंही तेच. ओआरएसचं नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांनी तर हा गोंधळ वर्षानुवर्षं वाढवला. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली, हे फार आधी व्हायला हवं होतं. घेताना औषधाच्या दुकानातून पुडीच घ्या आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा.

पुडी बरोबर आणली तरी कालवताना चुकते. मोठी पुडी 1 लिटरची असते, लहान 200 मिलीची. पुडीवर छापलेलं असतं. होस्टेलच्या बाटल्या बहुधा 750 मिलीच्या, त्यात मोठी पुडी रिकामी केली की द्रावण दाट होतं. मापाला विकतच्या पाण्याची 1 लिटरची बाटली वापरा. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, हे अजिबात नको: पावडर एकसारखी मिसळलेली नसते, एका अर्ध्यात मीठ जास्त जातं. वरून साखर, सरबत, दूध काही घालू नका, कालवल्यावर उकळू नका. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

रात्री दुकान बंद असेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावू नका. मीठ जास्त झालं तर साखर जास्त होण्यापेक्षा वाईट. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सोबत केळं खा.

दर जुलाबानंतर एक ते दोन ग्लास, घोट घोट. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करा.

जुलाब-उलटी काही नाही, नुसते क्लासवरून उन्हातून आलात, तर पाणी, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं. पन्ह्यात गूळ बेताचा आणि मीठ विसरू नका. अभ्यासाला बसताना रोज ओआरएस पिण्याची गरज नाही, आणि रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

ऊन लागून अंग तापलंय आणि माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपलीय, तेव्हा यातलं काहीच तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. 108 ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून पंख्याचा किंवा कूलरचा वारा द्या, आणि गाडी येईपर्यंत ते थांबवू नका.