पाय पसरायला जागा मिळाली, पण पाय टेकले का?

मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान म्हणजे पंधरा-सोळा तास एका खुर्चीत. मामीला घेऊन मी निघाले तेव्हा मामेभावाने हट्टाने दोघींची प्रीमियम इकॉनॉमीची तिकिटं काढली होती. कारण एकच. त्याच्या फोनवर कुणीतरी पाठवलं होतं की साध्या इकॉनॉमीत पायात रक्ताची गुठळी होते, प्रीमियममध्ये होत नाही. मामीची उंची चार फूट अकरा इंच. ती सीटवर बसली आणि तिचे पाय लोंबकळायला लागले. फूटरेस्ट होता, पण पुढच्या सीटच्या पाठीला लावलेला, आणि पुढची सीट आता इतकी लांब की मामीची बोटंसुद्धा तिथवर पोचेनात. साध्या इकॉनॉमीत ती पुढच्या सीटखालच्या बॅगेवर पाय ठेवून बसायची. इथे ती बॅगही लांब गेली. "एवढे पैसे भरून पाय अधांतरीच," मामी म्हणाली.

तिचं हे वाक्य मला विज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं.

आधी हा वर्ग काय देतो ते बघू. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तैवानची ईव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक यांनी इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला हा वर्ग आणला. भारतीय विमानकंपन्यांत तो पहिल्यांदा दिला विस्ताराने, 2015मध्ये. एका सीटच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते साध्या इकॉनॉमीत 31-32 इंच असतं, इथे साधारण 38. सीट इंचभर जास्त रुंद, पाठ जास्त मागे जाते, जेवण जरा बरं, सामान थोडं जास्त. भाडं बऱ्याचदा दीडपट ते दुप्पट. गुडघे लांब असलेल्या माणसाला हे सहा इंच म्हणजे खरंच सुख आहे, त्यात वाद नाही.

पण गुठळीचं काय?

1940 साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्र-रात्र तळघरांत आणि आसऱ्यांत काढत. पुष्कळ जण कापडी आरामखुर्चीत बसूनच झोपत. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आलं की फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू अचानक वाढलेत. पायातली गुठळी सुटते, हृदयातून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते, असा तो मृत्यू. त्यांनी बोट ठेवलं ते खुर्चीवर. तिच्या पुढच्या लाकडी दांडीने मांडीची मागची बाजू तासन् तास दाबली जात होती. विमान नाही, उंची नाही, पुढच्या सीटची अडचण नाही. तरी गुठळ्या झाल्या. 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव आलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1977मध्ये, आणि सगळा आळ स्वस्त तिकिटावर आला.

आता पोटरीकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे.

हृदय रक्त खाली ढकलतं हे शाळेत शिकलो. ते वर कसं येतं? बसलेल्या माणसाचं हृदय घोट्याच्या साधारण 80 सेंटीमीटर वर असतं, म्हणजे घोट्याजवळच्या शिरेवर 80 सेंटीमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ उभा असतो. पारा रक्ताच्या जवळजवळ तेरापट जड, तेव्हा हा दाब भरतो सुमारे 60 मिलिमीटर पारा. उभं राहिलं तर 90. धमन्यांमधून केशवाहिन्या पार करून शिरेत आलेल्या रक्तात हृदयाचा धक्का फारसा उरलेला नसतो. आणि तुम्ही चालायला लागलात की घोट्याजवळचा हाच दाब 30च्याही खाली येतो! उंची तीच, गुरुत्वाकर्षण तेच, मग दाब गेला कुठे?

तो उपसला पोटरीने. पोटरीत वरच्या मोठ्या स्नायूखाली सोलियस नावाचा एक चपटा स्नायू असतो. त्याच्या आत शिरांच्या रुंद पिशव्या असतात, रक्ताने भरलेल्या. पाऊल टाकताना टाच उचलली जाते, स्नायू आवळतो, पिशवी पिळली जाते. रक्त वर जातं, कारण खाली जायची वाट झडपांनी बंद असते. दोन-दोन पाकळ्यांच्या या झडपा वरच्या दिशेलाच उघडतात. इटलीतल्या पादुआमध्ये फॅब्रिशियसने 1603 साली त्यांचं सविस्तर वर्णन छापलं, पण त्याला वाटलं की त्या खाली येणाऱ्या रक्ताचा वेग कमी करतात. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628मध्ये उलगडा केला: रक्त शिरांतून हृदयाकडेच जातं, झडपा ते मागे येऊ देत नाहीत. दंडाला पट्टी बांधून, फुगलेली शीर बोटाने निपटून त्याने हे दाखवलं. स्नायू सैल पडला की पिशवी पुन्हा भरते, पुढच्या पावलाला पुन्हा रिकामी. झडपांमुळे तो लांबच लांब स्तंभ तुकड्यातुकड्यांत तोडला जातो, म्हणून दाब उतरतो.

बसून राहिलं की हा पंप थांबतो. झडपा उघड्याच राहतात आणि स्तंभ पुन्हा अखंड होतो. आता झडपेच्या पाकळीमागे बघा. तिथे एक छोटा खिसा असतो. चालताना प्रत्येक धक्क्याला तो धुतला जातो. बसल्यावर तिथलं रक्त जागच्या जागी गरगरत राहतं आणि त्यातला ऑक्सिजन कमी होत जातो. ऑक्सिजन घटला की खिशाच्या अस्तरातल्या पेशी गुठळीला रोखणारी आपली कामं सोडतात आणि चिकटपणा वाढवणारे रेणू पृष्ठभागावर आणतात. खोल शिरांतल्या गुठळ्या बहुधा या खिशांतच सुरू होतात. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखोच्या नावाने ओळखलं जाणारं त्रिकूट हेच: मंदावलेला प्रवाह, बिघडलेलं अस्तर, गोठण्याकडे झुकलेलं रक्त. तिसरं कारण माणसागणिक बदलतं. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आधी होऊन गेलेली गुठळी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007मध्ये मांडलेला हिशोब असा: चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, तरी निरोगी माणसाला तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. हे बस, रेल्वे, मोटार सगळ्यांना लागू आहे. मुंबईहून नागपूरला रात्रभर बसून जाणाऱ्याची पोटरी विमानातल्या पोटरीहून वेगळी नसते. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2012मध्ये स्पष्टच सांगितलं की इकॉनॉमीत बसल्यामुळे गुठळी होते याला ठाम पुरावा नाही. खिडकीशी बसणारे कमी उठतात, ते जास्त महत्त्वाचं. एका डच अभ्यासात 190 सेंटीमीटरहून उंच लोकांचा धोका वाढलेला दिसला, आणि विमानात 160हून बुटक्यांचाही. उंचांचे गुडघे अडतात. बुटक्यांचे पाय टेकत नाहीत, आणि सीटची कड मांडीला मागून दाबते, अगदी लंडनच्या त्या खुर्चीसारखी. आपल्याकडच्या बहुसंख्य बायका 160च्या खालीच आहेत. त्यांना सहा इंच पुढची मोकळी जागा देऊन काय होणार? त्यांना पायाखाली काहीतरी हवं.

मग प्रीमियम इकॉनॉमीचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. ड्रीमलायनर या लांब पल्ल्याच्या विमानाच्या इकॉनॉमीत सीटा तीन-तीन-तीन असतात. खिडकीवाल्याला उठायचं तर दोघांना उठवावं लागतं, आणि संकोची माणूस आठ-आठ तास उठतच नाही. प्रीमियममध्ये बहुधा दोन-तीन-दोन. कुणालाही एकापेक्षा जास्त माणूस ओलांडावा लागत नाही. काही विमानांत सीटलाच जोडलेला लेग रेस्ट असतो, पोटऱ्यांखाली वर येणारा. पाय 25 सेंटीमीटर वर आले तर घोट्यावरचा दाब 20 मिलिमीटरने उतरतो. तिकीट काढताना पिचआधी या दोन गोष्टी विचाराव्यात. बाकी केबिनमधली हवा सगळ्या वर्गांना एकच. दाब तोच, कोरडेपणा तोच.

पट्ट्यांमधली चुंबकं, तांब्याची कडी, 'रक्त पातळ करणारे' काढे यांच्यावर कृपा करून पैसे घालवू नका. चुंबकाने रक्त ओढलं जात नाही. तसं होत असतं तर एमआरआयच्या यंत्रात कुणी वाचलंच नसतं. घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे दाबमोजे मात्र खरंच उपयोगी आहेत, चाचण्यांमध्ये ते सिद्ध झालंय. मापाचे आणि डॉक्टरांना विचारून घ्यावेत. झोपेची गोळी टाळावी, कारण गाढ झोपेत माणूस कूसही बदलत नाही.

मामीने तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. हवाईसुंदरीकडून दोन उशा मागून मी माझी बॅग ओढली, त्यावर त्या रचल्या आणि मामीचे पाय टेकवले. म्हटलं, "मामी, पायमशीन चालव." तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर. साडीच्या काठाखाली पोटरी आवळताना आणि सुटताना मला दिसत होती. दर अर्ध्या तासाला ती एक "शिवण" घालायची, मध्येच उठून शेवटपर्यंत फेरी मारायची.

न्यूयॉर्कला उतरताना दोन्ही पाय थोडे सुजले होते, बूट जरा ओढून घालावे लागले. ती सूज शिरेतल्या दाबाने पेशींभोवती झिरपलेल्या पाण्याची, ती उतरते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर वाट बघू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ. आणि हे उतरल्यानंतर पुढचे काही आठवडे लक्षात ठेवायचं, कारण गुठळी विमानातच कळते असं नाही. मामेभावाला मी विमानतळावरच हे सांगितलं. परतीचं तिकीट त्याने साध्या इकॉनॉमीचं काढलं, मामीला वाटेलगतची सीट घेतली आणि तिच्या पायांच्या उंचीचं एक फुगवायचं पायटेकण आणून दिलं.